मोगरा का वाळला?



एका वाचक भगिनीने विचारले आहे, "ताई, बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला दारचे फूल असावे म्हणून दोन वर्षे मोगरा लावते. दोन्ही वेळा मे महिन्यात तो वाळला. सासूबाई म्हणतात, नजर लागली, कुंडीला लिंबू-मिरची बांध. काय करू?"

लिंबू-मिरची बांधू नका. मिरची आमटीत टाका आणि लिंबाचे सरबत करून सासूबाईंना द्या. झाड जगावे ही त्यांचीही इच्छा आहे, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नजर आणि करणी यांना जागा नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. मोगरा वाळला त्यालाही कारण आहे. ते शोधायला हवे.

माझाही मोगरा असाच गेला होता. कुंडी गच्चीवर होती. सकाळी कामाची घाई, म्हणून मी भर दुपारी बोअरचे पाणी घालत असे. झाड मेल्यावर कुंडी उलटी केली आणि तीन गोष्टी दिसल्या. माती विटेसारखी घट्ट झाली होती आणि पाणी मुळांना न भिजवता कडेच्या भेगांतून खाली जात होते. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर जमला होता. आणि तापलेल्या स्लॅबकडची मुळे भाजून निघाली होती. दोष माझा होता, नजरेचा नव्हता.

बागकामाची बरीच पुस्तके थंड हवेच्या गावांसाठी लिहिल्यासारखी वाटतात. आपले सोलापूर वेगळे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. नळाचे पाणी रोज मिळेल याची खात्री कधीच नव्हती. अशा गावात पाच-सहा कुंड्याच ठेवाव्यात, पण त्या नीट सांभाळाव्यात.

आधी माती. आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नका. एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा लाल माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करा. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवा. वरून शेंगांची टरफले दोन बोटे जाडीने पसरा. सोलापुरात शेंगाचटणी घरोघरी होते, टरफलांना काय तोटा? त्यांच्यामुळे ओल टिकते आणि पुढे त्यांचेच खत होते.

पाणी सूर्य वर येण्याआधी किंवा सूर्य मावळल्यावर घालावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवा. उन्हाळ्यातही पाच-सहा कुंड्यांना रोज अर्धी बादली पुरते. साबण-सोड्याचे पाणी मात्र नको. बोअरच्या पाण्याशिवाय इलाज नसेल, तर अधूनमधून नळाचे पाणी भरपूर घालून क्षार खाली निचरू द्या. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की ते काम पाऊसच करतो.

आता वर्षाचा हिशोब आपल्या दिवसांप्रमाणे मांडू.

मृगाचा पाऊस पडला की जास्वंद आणि तगरीच्या फांद्या लावा. पण सगळे बी एकदम टाकू नका. जुलैत पाऊस दडी मारतो आणि आपल्याकडे खरा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. तेरड्याचे अर्धे बी आधी पेरा, अर्धे पंधरा दिवसांनी. एक खेप गेली तरी दुसरी हाती लागते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी झेंडू हवा. बी टाकल्यापासून फुलायला त्याला दोन ते अडीच महिने लागतात. १४ ऑक्टोबरची तारीख ठरलेली, पण अशोक विजयादशमी मागे-पुढे होते. म्हणून एक खेप जुलैच्या मध्यावर आणि एक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरा. २०२० साली नेमक्या १४ ऑक्टोबरला सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. माझा बहरातला झेंडू एका रात्रीत आडवा झाला. विटांवर ठेवलेल्या दोन कुंड्या तेवढ्या वाचल्या. तेव्हापासून पावसाळ्यात माझी प्रत्येक कुंडी विटांवर असते.

६ डिसेंबरसाठी पांढरी शेवंती. जूनमध्ये तिचे फुटवे वेगळे करून लावा, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा. दिवस लहान झाले की ती आपोआप कळ्या धरते. गुलाबाची छाटणी २० ऑक्टोबरच्या सुमारास केली, तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, म्हणजे महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास फुले येतात. हीच झाडे पुढे ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या आणि ७ फेब्रुवारीला रमाईच्या जयंतीलाही फुले देतात.

आता मोगरा. डिसेंबरअखेर त्याचे पाणी कमी करा. जानेवारीत छाटणी करा, राहिलेली पाने काढा, शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. उन्हाची चाहूल लागताच कळ्या येतील आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला घरचा गजरा घालता येईल. बुद्धपौर्णिमेपर्यंत झाड टिकवायचे, तर २० मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, उन्हाळ्याची तयारी करा. कुंड्या गच्चीवरून उतरवून पूर्वेच्या भिंतीलगत आणा आणि वर जुन्या साडीची सावली बांधा. पाण्यासाठी १९२७ साली महाडला ज्या समाजाला लढावे लागले, त्याने पाण्याचा थेंबही वाया घालवू नये.

एवढे करूनही मोगरा दगा देईल असे वाटत असेल, तर शेजारी सदाफुली आणि चाफा असू द्या. कमी पाण्यावर मे महिन्यात फुलणारी ही झाडे आहेत. कण्हेरही फुलते, पण ती विषारी. घरात लहान मुले किंवा दारात शेळी असेल, तर लावू नका.

दिल्लीत कामाचा एवढा डोंगर असतानाही बाबासाहेबांनी बागेची आवड जपली होती, असे त्यांच्या सहवासातल्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्याला बंगला नाही, पण उंबऱ्याशी दोन कुंड्या आहेत.

वंदनेत फूल वाहताना आपण म्हणतो, हे फूल जसे कोमेजते तसेच हे शरीरही नाश पावणारे आहे. ते खरेच आहे. पण पाण्यावाचून, सावलीवाचून वाळलेल्या झाडाकडे बघून "सगळे अनित्य आहे" म्हणणे ही पळवाट झाली. फूल कोमेजणे हा निसर्ग आहे, झाड मरू देणे हा हलगर्जीपणा आहे. हा फरक मुलांना शिकवायचा असेल, तर एक कुंडी त्यांच्या हाती द्या. झाड वाळले तर रागावू नका. कुंडी उलटी करा आणि मुलांना विचारा, "सांगा, का वाळले?"

त्या भगिनीने यंदा जानेवारीत छाटणी करावी आणि बुद्धपौर्णिमेला काय झाले ते जरूर कळवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!