खिशातल्या घड्याळाची वंशावळ

जुन्या वस्तूंच्या मोलाविषयी आपल्या मनात दोन समज घट्ट रुजलेले असतात. जे जुने ते दुर्मीळ, हा पहिला. आणि जे सोन्याचे तेच मौल्यवान, हा दुसरा. अमेरिकेत घडलेल्या खिशातल्या घड्याळांचा थोडा अभ्यास केला, तर हे दोन्ही समज फार काळ टिकत नाहीत. इलिनॉय राज्यातील एल्जिन या एकाच कंपनीने आपल्या हयातीत सुमारे सहा कोटी घड्याळे बनविली. त्यामुळे शंभर वर्षांचे एल्जिन घड्याळ हाती आले, तरी एवढ्याने ते दुर्मीळ ठरत नाही. उलट, निकेलच्या साध्या डबीत बसलेले एखादे यंत्र असे असू शकते की तसे अवघे काही शेच तयार झाले असतील. वाचकहो, हा भेद ओळखण्याची विद्या म्हणजेच या छंदाचा आत्मा होय.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आरन डेनिसन, एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस या तिघांनी १८५० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरी येथे घड्याळांचा कारखाना उभारला. बंदुकीच्या कारखान्यांत सुटे भाग यंत्रावर एकसारखे घडविले जात. तीच रीत घड्याळाला लावावी, हा डेनिसन यांचा ध्यास होता. १८५४ मध्ये कारखाना वॉल्थम गावी गेला आणि १८५७ मध्ये त्याचे दिवाळेही निघाले. परंतु रॉयल रॉबिन्स यांनी तो लिलावात घेतला आणि तेथूनच वॉल्थमचा उत्कर्ष झाला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची स्वयंचलित यंत्रे पाहून स्विस तज्ज्ञ झाक डाव्हिड यांनी मायदेशी धोक्याचा इशारा देणारा अहवाल दिला. पुढे हॅमिल्टन, इलिनॉय, हॅम्पडन, रॉकफर्ड अशी अनेक नावे या परंपरेत आली.

घड्याळ ओळखताना नवखा संग्राहक बहुधा तबकडी आणि डबी यांवर विसंबतो, आणि तेथेच फसतो. त्या काळी अमेरिकेत यंत्र एका कंपनीचे व डबी दुसऱ्या कंपनीची असे. गिऱ्हाईक जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन यंत्र निवडी, ऐपतीप्रमाणे डबी निवडी आणि जवाहिरा ती दोन्ही तेथेच जोडून देई. म्हणून डबीवरचा क्रमांक हा डबी बनविणाऱ्याचा; घड्याळाचे वय त्यावरून कळत नाही. खरा क्रमांक आत, यंत्राच्या पितळी वा निकेलच्या पट्टीवर कोरलेला असतो. तो आणि कंपनीचे नाव हाती आले की संग्राहकांनी सिद्ध केलेल्या कोष्टकांतून निर्मितीचे अंदाजे वर्ष, नमुना व श्रेणी काढता येते. ‘अंदाजे’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण क्रमांकांचे गट आधीच नेमून दिलेले असत आणि घड्याळे नंतर तयार होऊन विकली जात.

यंत्रावर कोरलेले नावही नीट वाचावे लागते. ‘बी. डब्ल्यू. रेमंड’ किंवा ‘पी. एस. बार्टलेट’ अशी अक्षरे पाहून अनेकांना ते घड्याळाच्या मालकाचे नाव वाटते. वस्तुतः ती श्रेणींची नावे आहेत. रेमंड हे शिकागोचे माजी महापौर आणि एल्जिन कंपनीचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाचे पहिले घड्याळ १८६७ मध्ये बाहेर पडले. त्याचा क्रमांक होता १०१ आणि किंमत ११७ डॉलर. बार्टलेट हे वॉल्थमच्या कारखान्यातले गृहस्थ. अमेरिकन घड्याळांची कीर्ती वाढली तेव्हा अशाच नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेली हलक्या प्रतीची परदेशी घड्याळेही बाजारात आली. एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले दिसले, तर सावध व्हावे.

आकाराचेही गणित ठरलेले आहे. ‘१८ साइझ’ म्हणजे सुमारे ४५ मिलिमीटर आणि ‘१६ साइझ’ म्हणजे सुमारे ४३ मिलिमीटर. हे माप डबीचे नव्हे, तर तबकडीखालच्या यंत्राच्या पट्टीचे. ‘ज्वेल’ या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसविलेले ते माणकाचे वा तत्सम खड्यांचे बारीक आधार असतात. रत्न म्हणून त्यांना बाजारात मोल नाही. १७, २१, २३ ही त्यांची संख्या यंत्राची प्रत सांगते, एवढेच.

संग्राहकांच्या विशेष प्रीतीचा विषय म्हणजे रेल्वेची घड्याळे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतील किप्टन येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे सांगितले जाते. या अपघातानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे वेळेच्या तपासणीचे काम आले आणि त्यातून कडक निकष रूढ झाले. तबकडीवर झाकण नसावे, चावी बाराच्या अंकाशी असावी, किमान १७ ज्वेल असावेत, घड्याळ पाच स्थितींत जुळविलेले असावे आणि आठवड्यात तीस सेकंदांहून अधिक मागेपुढे होऊ नये. काटे चुकून सरकू नयेत म्हणून ते फिरविण्यासाठी काचेची कडी उघडून एक लहान खटका ओढावा लागे. हा खटका ठाऊक नसल्याने अशी चांगली घड्याळे ‘बिघडलेली’ म्हणून कवडीमोलाने विकली जातात किंवा चावी जोराने ओढून खरोखरच बिघडविली जातात. उलट, डबीच्या पाठीवर इंजिनाचे चित्र कोरलेले आहे म्हणून घड्याळ रेल्वेचे ठरत नाही. चित्र हौसेचे असते. पुरावा यंत्रात असतो.

आता सोन्याकडे वळू. आपल्यापैकी अनेक घरांत सराफीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांना कसोटीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तरीही एक खूण लक्षात ठेवावी. डबीच्या आत ‘२० वर्षांची हमी’ किंवा ‘२५ वर्षांची हमी’ असा इंग्रजी मजकूर असेल, तर ती डबी भरीव सोन्याची नाही. हलक्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा चढविलेली ती डबी असते आणि तो पत्रा किती वर्षे झिजणार नाही, याची ती हमी असते. भरीव सोन्याला अशी हमी कोण कशाला देईल? ‘सिल्व्हरॉइड’, ‘सिल्व्हरीन’ ही नावेही अशीच फसवी; त्यांत चांदीचा अंशही नसतो.

येथे व्यवहाराचा आणि सचोटीचा प्रश्न उभा राहतो. डबीच्या कडेवर स्क्रूच्या जुन्या खुणा असतील आणि त्या आतल्या यंत्राच्या स्क्रूंशी जुळत नसतील, तर त्या डबीत पूर्वी दुसरेच यंत्र होते असे समजावे. असे जोडलेले घड्याळ विकणे यात काही गैर नाही. ते मूळचे म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे. ज्याला हा भेद कळतो त्याने तो न विचारताही सांगावा. या क्षेत्रात पैशापेक्षा पत अधिक काळ टिकते.

याहून मोठी हानी मुशीत होते. अमेरिकेने १९३४ मध्ये सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. पुढे १९८० मध्ये भाव गगनाला भिडले. अशा प्रत्येक चढणीला सोन्याच्या असंख्य डब्या वितळल्या आणि त्यांतली यंत्रे निराधार झाली. डबीबरोबर झाकणाच्या आत कोरलेले नाव, विवाहाची तारीख, निवृत्त कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी दिलेला निरोपही वितळून जातो. त्या कोरीव ओळीचे मोल तराजूत कळत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत अब्राहम लिंकन यांचे वॉल्थम घड्याळ जतन केलेले आहे. ते ‘विल्यम एलरी’ श्रेणीचे, म्हणजे त्या काळी माफक किमतीचे व सैनिकांतही लोकप्रिय असलेले. त्याची थोरवी धातूत नाही, ते कोणाच्या खिशात होते यात आहे.

म्हणून अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांनी तेथील जुन्या बाजारातून असे घड्याळ आणले, किंवा कोणी ते मोडीसाठी आपल्या पेढीवर ठेवले, तर घाई करू नये. चाकूने झाकण उचकटू नये. अनेक झाकणे फिरवून उघडणारी असतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊ नये, कारण सुकलेल्या तेलावर चाललेली चाके झिजतात. काटे वा अंक अंधारात चमकण्यासाठी लेप दिलेला असेल, तर तो खरवडू नये. जुन्या लेपात रेडियम असू शकते. जाणत्या कारागिराकडून पाठ उघडवून यंत्राचा क्रमांक, कंपनी, ज्वेलची संख्या, डबीच्या खुणा आणि कोरलेला मजकूर एका कागदावर उतरवावा, छायाचित्र घ्यावे, आणि मगच ठेवायचे की मोडायचे ते ठरवावे. पेनसिल्व्हेनियातील कोलंबिया येथे घड्याळसंग्राहकांची १९४३ पासूनची राष्ट्रीय संस्था व संग्रहालय आहे. तेथील जाणकारांच्या अभ्यासाचाही आधार घेता येतो.

या चौकशीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. वितळलेली डबी मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.