चुन्याची दोन कामे

नागपुरात पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, तेव्हा पन्नीत रसायनशास्त्राचा एक प्रयोगच चाललेला असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना. यातली पहिली दोन द्रव्ये कर्करोगाला कारणीभूत ठरतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने केव्हाच जाहीर केले आहे. चुन्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक तंबाखूतले निकोटिन सुटे होते ते चुन्यामुळे, आणि असे सुटे झालेले निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. म्हणजे खर्ऱ्यातला चुना हा हमाल आहे. विषाचे ओझे तो बिनचूक जागी पोचवतो.

याच चुन्यातल्या कॅल्शियमला उलट कामाला जुंपण्याची खटपट जगभरच्या प्रयोगशाळांत बरीच वर्षे चालू आहे. तिची गरज का पडली, हे ज्यांच्या घरात केमोथेरपी झाली आहे त्यांना सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगात दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध 1978 साली अमेरिकेत मान्य झाले आणि आजही डॉक्टरांचा त्यावर भरवसा आहे. पण शिरेतून दिलेले औषध सगळ्या अंगात फिरते. गाठीबरोबर मूत्रपिंडालाही त्याचा ताप होतो, कानांना होतो, आणि उलट्यांनी माणूस हैराण होतो ते वेगळेच. औषध एखाद्या कणात कोंडून गाठीपर्यंत न्यावे आणि तिथेच सोडावे, ही कल्पना त्यातून पुढे आली.

कण कशाचा करायचा? शरीराला मानवेल अशा पदार्थाचा. हाडे आणि दात ज्या कॅल्शियम फॉस्फेटचे बनलेले असतात ते एक, खडूतले कॅल्शियम कार्बोनेट दुसरे. दुसऱ्याची गंमत गृहिणींच्या चांगल्या परिचयाची आहे. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण ती फरशी म्हणजे चुनखडीच आणि चुनखडी आम्लात विरघळते. कर्करोगाच्या गाठीभोवतालचा भाग रक्तापेक्षा थोडा आम्ल असतो, पेशीच्या आतले काही कप्पे तर आणखी आम्ल. रक्तातून जाताना कण टिकून राहावा आणि गाठीत पोचल्यावर विरघळून त्याने औषध मोकळे करावे, असा हा हिशेब.

तिसरा पदार्थ सिलिका. खाणींच्या या विदर्भात सिलिका म्हटले की छातीचा सिलिकोसिसच आठवतो. पण तो स्फटिकरूप धुळीचा आजार. औषधासाठी घडवतात ती सिलिका स्फटिकरूप नसते आणि मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र असते. तिच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. असल्या छिद्रांत औषध साठवता येते, हे स्पेनमधल्या संशोधकांनी 2001 साली दाखवून दिले.

मग अडते कुठे? वाटेत. यकृत आणि प्लीहा ही शरीराची नाकी बहुतेक कण अडवून धरतात. अशा निरनिराळ्या कणांवर झालेल्या दहा वर्षांतील प्रयोगांचा हिशेब टोरँटोच्या शास्त्रज्ञांनी 2016 साली मांडला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी सर्वसाधारणपणे अवघा 0.7 टक्का भाग गाठीत पोचतो असे दिसले. तेही मुख्यतः उंदरांत!

याउलट जिथे वाहक थेट मुक्कामावर नेऊन ठेवता येतो तिथे खनिजांनी चांगले काम दिले आहे. हाडात पू झाला तर अस्थिशल्यविशारद प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीच्या कॅल्शियम सल्फेटचे अँटिबायोटिक भरलेले मणी तिथेच ठेवतात. औषध झिरपत राहते आणि मणी आपोआप विरतात. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यकृताच्या कर्करोगासाठी काचेचे सूक्ष्म गोळे तयार केले आहेत. त्यात औषधाऐवजी किरणोत्सारी यिट्रियम असते. यकृतातल्या गाठीला रक्त मुख्यत्वे धमनीतून मिळते, तर निरोगी भागाला बरेचसे पोर्टल शिरेतून. म्हणून धमनीत सोडलेले गोळे नेमके गाठीत जाऊन अडकतात.

आता तोंडाचा कर्करोग पाहा. ही गाठ आरशात दिसते, तिला बोट लागते. मग औषधाला सगळ्या अंगाची प्रदक्षिणा कशाला? सिस्प्लॅटिनचे कण बसवलेली तोंडात लावायची पट्टी अमेरिकेत रुग्णांवर वापरून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. ते कण खनिजाचे नव्हते, कवचधारी जलचरांपासून मिळणाऱ्या कायटोसानचे होते. पण वाट तीच. अडचणी आहेतच. लाळेने पट्टी सुटते आणि मानेतल्या गाठींवर ती लावता येत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया टळेल असे कोणी समजू नये.

तरीही हे काम नागपूरने अंगावर घ्यावे असे आमचे मत आहे. पदार्थविज्ञान जाणणारे लोक व्हीएनआयटीत आहेत, औषधनिर्माणशास्त्राचा विभाग विद्यापीठात आहे आणि खनिजांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही इथेच आहे. रुग्ण तर मेडिकलशेजारच्या शासकीय दंत महाविद्यालयात, मानेवाड्याच्या तुकडोजी रुग्णालयात आणि जामठ्याच्या संस्थेत रोजच येतात. ही सगळी ठिकाणे एका दिवसात फिरून होतील. कॅल्शियम महाग नाही, हेही आपल्याकडे महत्त्वाचे. परदेशी कंपन्या खर्ऱ्याच्या रोगासाठी अडून बसलेल्या नाहीत.

वाचकांपैकी कोणी एवढ्यावरून कॅल्शियम कर्करोगाला मारते असा अर्थ मात्र काढू नये. रोज गव्हाएवढा चुना खा, असे सल्ले मोबाइलवर फिरत असतात. वरच्या सगळ्या उद्योगात कॅल्शियम हा हमालच आहे, मारतो तो औषधाचा रेणू. आणि नवी पट्टी येईल म्हणून आजची केमोथेरपी पुढे ढकलण्यात तर काहीच हशील नाही, कारण गाठ थांबत नाही. खर्रा खाणाऱ्याने तूर्त एवढे पाहावे. तोंडात एकावर एक धरलेली तीन बोटे उभी मावतात का? गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवडे उलटूनही भरत नाही असा व्रण आहे का? तसे काही आढळले तर आठवड्याभरात दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे, आणि जाताना खिशातली पुडी घरीही ठेवू नये.