दंड नेमका कोणाला?

यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. गणपतीच्या जेवणाला नाव नोंदवून न येणाऱ्यांना आणि कामाची पाळी चुकवणाऱ्यांना दहा पौंड दंड. ठराव मांडणाऱ्यांचा संताप मला समजतो. दोनशे माणसं जेवून जातात आणि रात्री साडेदहाला पातेली घासायला सहाजण उरतात. हॉलच्या किल्ल्या अकराला परत द्यायच्या असतात. तरीही मी या ठरावाच्या विरुद्ध आहे.

आधी दंडाचं बघू. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघांनी अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला! पूर्वी बाई ताटकळत बसल्या असतील याची लाज वाटायची. आता पैसे टाकले की हिशेब मिटला. पुढे दंड रद्द केला, पण लाज काही परत आली नाही. आपल्याकडेही दहा पौंड हा भांडी न घासण्याचा दर ठरेल, आणि तो देणं बऱ्याच जणांना सहज परवडेल.

दंडाने कधीच काम होत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिकमध्ये केलेला प्रयोग २००२ साली गाजला. चौघांचा गट, प्रत्येकाच्या हाती थोडे पैसे, त्यातले हवे तेवढे सामायिक डब्यात टाकायचे, आणि डब्यातल्या पैशांचा लाभ चौघांना सारखा. फुकट्यांना स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून दंड करायची मुभा दिली, तेव्हा डब्यात पैसे वाढले. पण २००८ साली गेख्टर यांनी बेनेडिक्ट हेर्मान आणि क्रिस्टियन टोनी यांच्याबरोबर अशाच खेळाचे निष्कर्ष सोळा शहरांतून मांडले, तेव्हा भलतंच दिसलं. बोस्टन, नॉटिंगहॅममध्ये दंड बहुतेक फुकट्यांनाच झाला. अथेन्स, मस्कतसारख्या ठिकाणी मात्र डब्यात जास्त पैसे टाकणाऱ्यांनाही सर्रास दंड झाला, आणि दंडाचा फायदा तिथे दिसेनासा झाला. (नॉटिंगहॅमकरांनी कॉलर ताठ करू नये. तिथे खेळले ते विद्यार्थी, मराठी मंडळाचे सभासद नव्हेत.)

सोळांत भारतातलं एकही शहर नव्हतं. पण हा दुसऱ्या प्रकारचा दंड ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही. जो सकाळपासून खुर्च्या मांडतो, तो 'पुढे पुढे करतो'. जी आठवड्याच्या आत हिशेब सादर करते, 'तिला घरी काही काम दिसत नाही'. जो मुलांचं नाटक बसवतो, त्याला 'मिरवायची हौस'. हे तोंडावर कोणी म्हणत नाही. बटाटेवड्याच्या रांगेत म्हणतात, पार्किंगमध्ये म्हणतात. मग हळदीकुंकवाच्या यादीतून एखादं नाव गळतं. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, पण तो आमच्या हळदीकुंकवापर्यंत कुठला पोचायला!

असं का होतं? माझ्या मते, निमूटपणे खुर्च्या उचलणारा माणूस शेजारी खिशात हात घालून उभ्या असलेल्याला काही न बोलता उघडा पाडतो. खुर्ची उचलण्यापेक्षा उचलणाऱ्याला नावं ठेवणं सोपं. चुकारांना आपल्याकडे कधी शिक्षा झालेली नाही, हे खरं. पण शिक्षा होतच नाही असं नाही. ती कामसू माणसांना होते आणि वर्षानुवर्षं होते. गेल्या सहा-सात वर्षांत कमिटी सोडून गेलेल्यांना एकदा विचारून बघा. कामाने दमलो असं फार थोडे म्हणतील.

आणि आता दंडाची पावती फाडायची कोणी? त्याच सहाजणांनी! म्हणजे 'पुढे पुढे करतो'च्या जोडीला 'वसुली करत फिरतो' हेही आलंच.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारं एक न्यायालय आहे. ते शतकानुशतकं चालत आलं आहे. दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरतं. न्याय देणारे शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी, कामकाज सगळं तोंडी आणि सर्वांदेखत. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा अनेक पाणीवाटपांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की टिकलेल्या व्यवस्थांमध्ये पहिल्या चुकीची शिक्षा अगदी हलकी असते आणि देखरेख करणारे लोकांना जबाबदार असतात. व्हॅलेन्सियाच्या त्या दारात तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघेही समोरासमोर उभे असतात. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

म्हणून दंडाच्या ठरावाला मी दुरुस्ती सुचवते आहे. कामाच्या पाळ्या नावानिशी सूचनाफलकावर लागाव्यात. पाळी चुकली तर त्या महिन्याच्या सभेत कारण विचारावं. घरी आजारपण असेल, रात्रपाळी असेल, तेही तिथेच कळेल. आणि काम करणाऱ्या कोणाहीबद्दल तक्रार असेल तर ती याच सभेत, त्या व्यक्तीसमोर मांडावी. पाठीमागे केलेली तक्रार कमिटीने ऐकूनच घेऊ नये. दुरुस्तीवर माझी सही आहे. अनुमोदक हवा आहे. सभेच्या आठवडाभर आधी चिटणीसांकडे नाव द्यावं लागतं.