10 ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्या : नाशिकच्या पालकांचा जाहीर इशारा

प्रति, जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, आदिवासी विकास आयुक्त आणि नाशिकमधील सर्व शाळा व क्लासचालक.

रात्रीचे अकरा वाजले आहेत. सोळा वर्षांचा मुलगा दोन दिवस जेवलेला नाही आणि ‘मला जगायचे नाही’ एवढेच बोलतो. नाशिकमधल्या आईबापाने त्याला या घटकेला कुठे न्यायचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. राज्यभरच्या डॉक्टरांना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथल्या पालकांनी बिथरलेले पोर घेऊन रात्री कसारा घाट उतरायचा का? 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले होते, म्हणजे देशात सर्वाधिक.

आम्ही उपकार मागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार मुलांसाठीची सेवा हा हक्क आहे. किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यात इतरत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. त्याशिवाय 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहे आणि क्लासेसना बंधनकारक निर्देश दिले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी आमच्या मागण्या अशा :

1. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःच्या अध्यक्षतेखालील देखरेख समितीची नावे आणि तपासलेल्या संस्थांची यादी जाहीर करावी. समिती नसेल तर ताबडतोब नेमावी.

2. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी मोठ्यांपासून वेगळ्या खाटा, सोबत पालकाला राहण्याची सोय आणि रात्रीही उपलब्ध असणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा.

3. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या क्लासचालकांनो, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमा. मार्कांवरून बॅच पाडणे आणि चारचौघांत मुलांचा पाणउतारा करणे बंद करा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक अक्षरांत भिंतीवर लावा.

4. सुरगाणा, पेठच्या आश्रमशाळांतली मुले घरापासून दूर राहतात. त्यांच्या अधीक्षकांना आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या.

पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकणार नाही. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तिजोरी उघडते, ती मुलांसाठीही उघडली पाहिजे.

10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, ही शेवटची मुदत. त्यानंतर प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. समुपदेशक नसलेल्या क्लासची नावे आम्ही चौकाचौकांत लावू आणि त्यांची पुढची फी भरणार नाही. 30 दिवसांत समाधानकारक माहिती मिळाली नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करू.

पालकांनो, तुम्ही मात्र 10 तारखेची वाट पाहू नका. मूल मरणाची भाषा बोलत असेल तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका आणि त्याला एकटे सोडू नका. 14416 वर चोवीस तास, मराठीत, मोफत बोलता येते. जिवाला धोका दिसला तर 108 ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका : आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 मानते आणि सरकारवर त्याच्या उपचारांची जबाबदारी टाकते.

अधिकाऱ्यांनो, मुदतवाढ मिळणार नाही.