रंग नको, बूड बघा

आमच्या अक्काचा फोन एरवी रविवारी सकाळी येतो. त्या दिवशी तो बुधवारी, कॉलेजच्या मधल्या सुट्टीत आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"तुझ्या भाच्याला स्पोर्ट्स कार घ्यायचीय. जुनी. गोव्यात दोन बघून ठेवल्यात म्हणे. बाबांच्या फंडातले पैसे मागतोय. तू बरोबर जा. तू हो म्हणालास तर देते, नाही म्हणालास तर विषय संपला."

भावजींना जाऊन दोन वर्षं झाली. आयुष्यभर ते एका येझदीवर फिरले, पण मासिकांतली मोटारींची चित्रं कापून वहीत चिकटवायची त्यांना हौस होती. आपल्या बंगळूरच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची गाडी काढली होती. तिचंही चित्र त्या वहीत आहे. ती वही आता भाच्याच्या टेबलावर असते. "बाबांनी वहीत चिकटवली, मी दारात उभी करणार," हे त्याचं म्हणणं. यावर मामानं काय बोलावं?

वाचकहो, मी मराठी शिकवतो. मोटारीतलं मला पेट्रोल कुठून घालतात एवढंच कळतं. म्हणून आमच्या ओळखीच्या मेस्त्रींना गाठलं. ते पस्तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेले. त्यांनी एका वाक्यात सगळा अभ्यासक्रम सांगितला : "सर, बण्ण नोडब्याडरी, बुड नोडरी." रंग बघू नका, बूड बघा. कन्नडमधलं बुड आणि मराठीतलं बूड, शब्द तोच आणि अर्थही तोच. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा.

शनिवारी पहाटे निघालो. जांबोटी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली. दुसरी गाडी डिचोलीतच होती, पण भाच्याचा जीव पेडण्यातल्या पहिलीवर अडकलेला. म्हणून आधी अस्नोडा, कोलवाळचा पूल करत पेडणे गाठलं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून या तालुक्याचे रस्ते बदलले आहेत. मोरजी-हरमलकडे तर भाड्याच्या गाड्यांची रांगच दिसते.

गाडी होती मात्र देखणी. लालभडक, दोन दारांची, बटण दाबलं की टप उघडणारी, परदेशी बनावटीची. दलालानं ती पुसून लखलखीत ठेवली होती. भाचा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. मेस्त्री सरळ बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"गरम आहे. आम्ही यायच्या आधी का चालू केली?"

"गिऱ्हाईक येणार म्हणून. गाडी एकदम बरी आसा."

"बरी असेल. पण थंड झाल्यावर बघू."

इंजिनाचा खरा स्वभाव थंड असताना कळतो, हा पहिला धडा. रात्रभर उभी असलेली गाडी किती वेळात चालू होते, कसला आवाज करते आणि धूर कुठल्या रंगाचा सोडते ते बघायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थांबतच नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंटचं पाणी आत शिरत असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दह्यासारखी साय दिसली तरी तोच संशय. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत यातलं बरंच लपतं.

आम्ही दीड तास चहा आणि पाव-भाजीवर काढला. तेवढ्यात भाच्यानं सरकारी परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला. मालक दुसरा, विमा संपलेला, कर्जाचा बोजा अजून नोंदीवर. ई-चलनाच्या साइटवर तीन दंड बाकी. दलालानं फोनवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

परतल्यावर मेस्त्रींनी पायाखालचा गालिचा उचलला. खाली वाळू. समुद्राकाठची गाडी म्हटल्यावर थोडी वाळू असायचीच, पण खारी हवा आणि वाळू मिळून पत्र्याला खातात. म्हणून ब्रेकच्या नळ्या, दारांच्या खालच्या कडा, वायरींचे जोड हे सगळं बघावं लागतं. जोडावर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तिथं ओल पोचलेली आहे असं समजावं. मग त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. धुताना कुणी तिथपर्यंत जात नाही. पट्ट्याच्या टोकाला चिखलाचा फिकट डाग होता. गाडी कधीतरी सीटपर्यंत पाण्यात उभी होती.

भाच्याचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "मामा, पाणी काय, कुठंही शिरतं. उघड्या टपाची गाडी आहे."

तेवढ्यात मेस्त्रींनी किल्ली अर्धी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, एबीएसचा लागला. मेस्त्री किल्ली मागे-पुढे करत राहिले.

"एअरबॅगचा दिवा?"

दलाल हसला. "दिवा लागत नाही म्हणजे बरंच की! काही बिघाड नाही."

मेस्त्री हसले नाहीत. किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. आणि मुळात लागलाच नाही तर बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो. स्टिअरिंगच्या मधलं झाकण बाकीच्या डॅशबोर्डपेक्षा नवं दिसत होतं. एका मोठ्या धडकेत एअरबॅगा उघडून गेल्या असाव्यात, नव्या बसवायचा खर्च वाचवला असावा आणि वरून नुसतं झाकण लावलं असावं, असा त्यांचा कयास. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. भाच्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "या गाडीत आई बसणार की नाही?"

भाचा गप्प झाला. किल्ली त्यानं स्वतःच परत दिली.

डिचोलीला परतेपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही. दुसरी गाडी करड्या रंगाची, दोन दारांची, बंद छपराची आणि बारा वर्षांची. मालक साठीचे गृहस्थ. एकेकाळी त्यांचे खनिजाचे ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी ट्रक विकले. पुढं जरा बरे दिवस आल्यावर हौसेनं ही गाडी घेतली. आता गुडघे दुखतात, इतक्या खाली बसवत नाही, म्हणून विकायची.

त्यांनी पाण्याचे तांबे पुढं केले, एक जाड फाइल समोर ठेवली आणि गाडीचे दोष स्वतःच सांगायला सुरुवात केली. एसी मंद आहे. मागचा बंपर एकदा बदललाय. टायर जुने आहेत. मेस्त्रींनी टायरवरचा चार आकडी शिक्का दाखवला : ३११८. म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं. वेगानं पळणाऱ्या गाडीला असे टायर चालत नाहीत, म्हणून चार टायरांचे पैसे किमतीतून वजा धरायचे.

फाइलमधली बिलं तारखेनं लावून मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिली. मीटर मागं फिरवता येतो, पण सात-आठ वर्षांची बिलं, पीयूसी आणि विम्याचे कागद एकाच वेळी खोटं बोलत नाहीत. हे काम मात्र मला जमलं. शेवटी पाठभेद तपासण्यासारखंच ते.

मग गाडी गावातल्या गॅरेजात रॅम्पवर चढवली. मालकांनी एका शब्दानं अडवलं नाही. डिचोलीच्या गाडीचं बूड बघताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : लाल धुळीत लाल गंज दिसत नाही. वरून सगळं सारखंच तांबडं. मेस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं चासी पुसत नेली. दोन ठिकाणी वरवरचा गंज निघाला, पण स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर पत्रा घट्ट होता. एअर फिल्टर लाल झालेला. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यांनी पत्र्यावरून फिरवलं. ते जिथं निसटतं तिथं आत पुट्टी भरलेली असते. ही युक्ती फायबर किंवा अॅल्युमिनियमला चालत नाही. 'सॅन स्टॉर्म'सारख्या फायबरच्या अंगाच्या गाडीवर ते कुठंच चिकटणार नाही.

स्कॅनर लावून संगणकातल्या चुका वाचल्या. चारही सिलिंडरांचा दाब मोजला, आकडे जवळपास सारखे आले. चढावर नेली, ब्रेक दाबून पाहिले, गिअर बदलताना झटका बसतो का ते पाहिलं. एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. तेव्हा भाचा पहिल्यांदा हसला.

वेगवान गाडीच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न विचारायचे. पहिला, सुटे भाग कुठं आणि किती दिवसांत मिळतात? कंपनीनं मॉडेल बंद केलं असेल तर साध्या काचेसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. दुसरा, ती कुठलं पेट्रोल पिते? आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या परदेशी गाडीला किती टक्के चालतं ते तिच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. ते वाचावं.

गाडी पसंत पडली. आता कागद. आपल्या भागात खरी परीक्षा इथंच असते, कारण आपली गाडी राज्याची हद्द ओलांडते.

मालकांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बँकेचा बोजा नोंदीवर तसाच होता. तो उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मग गोव्याच्या आरटीओकडून दुसऱ्या राज्यात नेण्याची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. विक्रीसाठी २९ आणि ३०. दंड बाकी असेल तर एनओसी अडते. चासी नंबर कागदावर वाचून पुरत नाही, सतरा अक्षरं-आकडे गाडीवरच्या ठशाशी जुळवून घ्यायचे. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगायचं.

आणि कर! गोव्यापेक्षा आपल्याकडचा कर जड. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीचा आजीवन कर किमतीच्या अठरा टक्क्यांच्या घरात जातो, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब नवी असतानाच्या किमतीवरून होतो, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. भाच्यानं ही रक्कम धरलीच नव्हती. टायर, विमा आणि कर मिळवल्यावर 'स्वस्तातली' गाडी बरीच महाग झाली. म्हणून गोव्याला जायच्या आधी आपल्या आरटीओत एक चक्कर मारावी. 'गोव्याचीच पाटी ठेवून फिरवू' म्हणणारे पुष्कळ भेटतात. कायद्यानं परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की इथली नोंदणी घ्यावीच लागते.

हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. नाव बदललं नाही आणि उद्या अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मालकांना हे सांगितल्यावर त्यांनीच पुढाकार घेतला. थोडा विसार दिला, पावतीवर लिहून घेतलं : बोजा उतरून एनओसी हातात आल्यावर बाकीची रक्कम, नाहीतर विसार परत. भाच्याला घाई होती, पण सहा आठवडे थांबला.

गाडी बेळगावात आली त्या संध्याकाळी अक्का दाराशी उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लाल नाही?"

"लाल नाही. पण बूड चांगलं आहे."

बसायला जरा वाकावं लागलं तिला. पदर सावरून बसली आणि सीटबेल्ट भाच्यानं स्वतः लावून दिला. किल्ली फिरली, समोरचे दिवे लागले आणि एकेक करून विझले. अक्काला त्यातलं काही कळलं नाही. भाच्यानं मात्र ते पुरते विझेपर्यंत वाट पाहिली आणि मगच गाडी सुरू केली.