इंजिन नंतर, आधी रेडिएटर बघा



आज पिकाचं नाही, जीपचं लिहितोय. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण वाड्यावर, गोठ्याच्या मागे, आंब्याखाली उभ्या असलेल्या जुन्या जीपा कोणाच्या आहेत? आपल्याच. आजोबांनी घेतलेली, पेट्रोल परवडत नाही म्हणून उभी केलेली, आणि विकायचं नाव काढलं की घरात भांडण लावणारी.

मग कधीतरी ठरतं, तिच्यात डिझेल इंजिन टाकू. चर्चा सुरू होते ती फक्त इंजिनाची. कुठलं घ्यायचं, भंगारात केवढ्याला मिळेल, गिअरबॉक्सला जुळेल का, फाउंडेशन कुठे वेल्ड करायचं. रेडिएटरचं नाव निघतं शेवटच्या दिवशी. "बघू, काहीतरी बसेल." माझं म्हणणं असं की हे काम उलट्या बाजूने चालू करायला पाहिजे. आधी रेडिएटर कुठे बसणार, किती उंच, त्याच्यासमोर फॅन कुठे येणार हे ठरवा, आणि त्यात जे इंजिन बसेल ते घ्या. आणि दुसरं, जुना पितळी रेडिएटर किलोवर घालू नका. तुमच्या कामाचा तोच आहे.

इंजिन बदललं की समोरचं सगळं बदलतं, हे खुद्द कंपनीलाही चुकलेलं नाही. आपण जिला जुनी महिंद्रा जीप म्हणतो ती मूळची विलीजची सीजे-३बी. तिचं बॉनेट एवढं उंच आणि चौकोनी का, तर विलीजने १९५३ मध्ये तिच्यात हरिकेन नावाचं नवं इंजिन घातलं. त्यात इनटेकचे वॉल्व्ह वर हेडमध्ये होते, त्यामुळे इंजिन आधीच्यापेक्षा उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंच केली. लोक आज त्या चेहऱ्यावर जीव टाकतात, पण तो चेहरा म्हणजे इंजिन बदलल्यावर केलेली सोयच आहे. आपल्या गॅरेजात मात्र इंजिन आधी आत उतरतं, आणि मग रेडिएटरला जागा पाहिजे म्हणून ग्राइंडरने ती सात फटींची जाळी कापतात. ती कापलेली बघितली की पोटात कालवतं.

आता आकड्यात बोलू. इंजिन जेवढं डिझेल जाळतं त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाकाकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली पाण्यात उतरते. म्हणजे चाकाला जेवढी ताकद, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये जे प्युजोचं २.१ लिटरचं डिझेल यायचं, ते साधारण ६२ एचपीचं. त्याचे किलोवॉट होतात ४६. घरातला गिझर ३ किलोवॉटचा धरला तर पंधरा गिझर एकदम चालू, आणि त्यांचं पाणी त्या दीड-दोन फुटी जाळीने गार करायचं. घाट चढताना भरलेल्या जीपचं हे असं असतं.

पण गंमत पुढे आहे. जुनं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं साधारण ७५ एचपीचं. म्हणजे मूळ रेडिएटर या डिझेलपेक्षा मोठ्या इंजिनासाठीच बनवलेला! मग डिझेल टाकल्यावर गाडी तापते का? "डिझेल गरमच असतं", "रेडिएटर छोटा पडला", ही उत्तरं ठरलेली. मला ती पटत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांचा गाळ आणि क्षार नळ्यांत बसलेला, ही पहिली गोष्ट. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची, फॅन आणि रेडिएटर यांची जोडी मोडली. डिझेल इंजिन आत बसताना थोडं खाली बसतं, थोडं मागे-पुढे, थोडं एका अंगाला. फॅन इंजिनावरच असतो, त्यामुळे तोही सरकतो. अर्धा फॅन जाळीसमोर आणि अर्धा खालच्या क्रॉस मेंबरसमोर वारा घालत बसतो. मूळ पत्र्याचा घेर बसत नाही म्हणून काढून फेकतात. मग फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची, इंजिनाचीच गरम हवा फिरवत राहतो.

तो घेर म्हणजे शोभेचा पत्रा नाही. नवा बनवून घ्या. साधा पत्रा, चार बाजूंनी कोरला चिकटलेला, आणि फॅनभोवती गोल. पातं निम्मं घेराच्या आत, निम्मं बाहेर. पात्याच्या टोकाला चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच मोकळं, कारण इंजिन रबरावर हलतं. फॅन आणि कोर यांच्यात निदान दोन बोटं अंतर हवं. ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी तर हे नीट ऐका: फिरत्या फॅनला पाणी लागलं की पाती पुढे वाकतात आणि थेट जाळीत घुसतात. खोल पाणी असेल तर आधी फॅन बेल्ट उतरवा, मगच गाडी घाला.

आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे ट्रॅक्टरचा रेडिएटर. भंगारात मिळतो, जाड असतो, दणकट दिसतो. काही जीपमध्ये तो चाललाही आहे, मी नाही म्हणत नाही. पण ट्रॅक्टर एका ठरलेल्या आरपीएमवर तासन् तास चालतो, त्याला मोठा फॅन असतो आणि तो फॅन त्या जाड कोरमधून हवा खेचू शकतो. तोच कोर जीपच्या छोट्या फॅनसमोर ठेवला की हवा आत शिरायलाच तयार नसते. शिवाय नळ्यांच्या पहिल्या ओळीतून गेलेली हवा तापूनच दुसरीत येते, दुसरीतली तिसरीत. चौथ्या ओळीला गार हवा मिळतेच कुठे? म्हणून जागा असेल तर कोर रुंद करा, उंच करा, जाड करणं सगळ्यात शेवटी. टर्बोचं नवं इंजिन आणि पुढे इंटरकूलर असेल तर हिशेब वेगळा. तिथे मूळ रेडिएटर पुरणार नाही, आणि इतक्या ताकदीला त्या जीपचे ब्रेक आणि अ‍ॅक्सल पुरतील का, हा प्रश्न रेडिएटरच्याही आधी विचारा.

उंचीचं प्रकरण शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. विहिरीवरची मोटर हवा धरली की काय करते ते आपण रोज बघतो. गरगर फिरते, पाणी टिपूस नाही. इंजिनाचा वॉटर पंप तसाच. रेडिएटरची वरची टाकी इंजिनाच्या पाण्याच्या तोंडापेक्षा खाली गेली की हवा हेडमध्ये जाऊन बसते. काटा गार दाखवतो, कारण सेन्सरभोवती पाणीच नाही, आणि आत हेड भाजतंय. रेडिएटर खाली बसवणं भागच असेल तर सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी द्या, हेडपासून तिच्यात बारीक पाइप काढा आणि पाणी त्या टाकीतूनच भरा.

होजचंही तसंच. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मऊ रबर वापरलं की जोरात पळवताना तो चपटा होतो. आत स्प्रिंग टाका. वर-खाली जुळत नसेल तर स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन वाकलेले होज समोर ठेवून निवडा, कंपनीचं नाव विसरा, आकार बघा. मध्ये लोखंडी पाइपचा तुकडा टाकायचा असेल तर त्याच्या टोकाला उभार कडा करून घ्या, नाहीतर दाबाने क्लॅम्पसकट निसटतो. आणि कृपा करून पंपाचा हिरवा सक्शन पाइप तिथे वापरू नका. हसू नका, वापरलेला बघितलाय.

आता पितळी रेडिएटर का ठेवायचा ते सांगतो. नव्या गाड्यांचा रेडिएटर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कोर आणि प्लास्टिकच्या टाक्या. हलका, स्वस्त, गार करायला चांगला. पण त्याची तोंडं जिथे आहेत तिथेच राहणार. डाव्या बाजूचं तोंड उजवीकडे न्यायचं, दीड इंचाचं पावणेदोन करायचं, झाकण दोन इंच सरकवायचं, हे प्लास्टिकवर होत नाही. पितळेवर होतं. रेडिएटरचा मिस्त्री टाकी सोडवतो, जुनं तोंड बंद करून डाग देतो, पाहिजे तिथे नवं काढतो, मध्ये तांब्याचा नवा कोर टाकतो. बाहेरून जीप जशी होती तशीच. जाळी कापायची नाही, बॉनेट ठोकायचं नाही. उद्या नातवाला परत पेट्रोल इंजिन बसवावंसं वाटलं तर तोही रस्ता उघडा. खर्च नव्या तयार रेडिएटरपेक्षा जास्त येईल, मान्य. पण इंजिनाला एवढे पैसे घालणारा माणूस इथे येऊन घासाघीस करतो तेव्हा मला राग येतो. एकदा हेड वाकलं की जो खर्च येतो त्यात चार कोर आले असते.

एक जपा. जुन्या पितळी टाकीला जास्त दाबाचं झाकण लावताना विचार करा. दर एक पौंड दाबाला पाणी उकळायचं तापमान साधारण दीड अंशाने किंवा थोडं जास्तच वाढतं. ७ पौंडाच्या झाकणाने ते १११-११२ अंशांपर्यंत जातं, १३ पौंडाने ११९ च्या आसपास. महाबळेश्वरला बिनझाकणाचं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून घाटमाथ्यावर झाकणाला फार किंमत. पण १३ पौंडाचं झाकण जुन्या डागांवर लावलं तर शिवण सुटणार. नवा कोर टाकताना मिस्त्रीला आधीच दाब सांगा, आणि त्याच्यासमोर हवा भरून, पाण्यात बुडवून तपासून घ्या. रेडिएटर चॅसीला घट्ट बोल्ट करू नका, खाली रबरी बुश द्या. बांधावरून जाताना जीपची चॅसी पिळते आणि तो पीळ डागांवर येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय तर कधी सुटणार देव जाणे. "वॉल काढला, आता तापणार नाही." अहो, पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी वाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं. थंडीत इंजिन तापत नाही, डिझेल जास्त जातं, काजळी धरते. उन्हाळ्यात उलट तापतं.

पाण्याचंही बोलायला हवं. बोअरचं पाणी ठिबकच्या नळ्यांत जो पांढरा थर धरतं तोच रेडिएटरमध्ये धरतं. फरक एवढाच की ठिबकला आपण अ‍ॅसिड ट्रीटमेंट देतो, आणि तेच अ‍ॅसिड इथे ओतलं तर डाग खातं. नळ्या तुंबल्या असतील तर टाकी उघडून रॉड मारायला लावा. कूलंट घाला, पितळ-तांब्याला चालतो का ते डब्यावर वाचून घ्या. इंजिनाला ओले लायनर असतील तर नुसत्या पाण्यावर त्यांना बाहेरून बारीक खड्डे पडत जातात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं.

सगळं बसवून झाल्यावर गाडी तापलीच, तर मोठा रेडिएटर शोधायच्या आधी ती केव्हा तापते ते बघा. हळू चालताना, चढावर, उभी असताना तापते आणि हायवेला बरी राहते, तर दोष फॅनचा नाहीतर घेराचा. उभी असताना गार आणि पळवली की तापते, तर नळ्या तुंबल्यात किंवा खालचा होज चपटा होतोय. वरची टाकी चटका देणारी आणि खालची अगदी गार, म्हणजे पाणी फिरत नाही. दोन्ही सारख्याच गरम, म्हणजे हवा मिळत नाही. हाताऐवजी तापमान दाखवणारी गन वापरा. काट्याचा सेन्सरही काट्याच्या जोडीचाच असू द्या. जुन्या मीटरला नव्या इंजिनाचा सेन्सर जोडला तर तो वाटेल ते दाखवतो.

कागदाचं एक राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलणार, म्हणजे आरटीओत आधी विचारायचं. इंजिन विकत घेतल्यावर नाही, त्याच्या आधी. घेतलेल्या इंजिनाची पावती आणि नंबर जपून ठेवा. अपघात झाला की विमावाला पहिला तोच नंबर बघतो.

तालुक्याच्या गावी पितळी टाकी उघडून नवा कोर टाकणारे मिस्त्री आता बोटावर मोजण्याइतके राहिलेत. प्लास्टिकच्या टाक्या आल्या तसं त्यांचं काम गेलं. तुमच्या भागात असा कोणी असेल तर आधी त्याच्याशी बोला. टेप, जुना रेडिएटर आणि जीप घेऊनच जा, इंजिनाचे पैसे खिशातच असू द्या.