हरवलेले कोण?

ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या राजाने शोमरोन घेऊन इस्राएलाचे दहा वंश परमुलखात नेले, हे विद्यार्थ्यांनी वाचलेच आहे. यहेज्केलाने त्यांच्या पुनर्मीलनाचे भाकीत केल्यामुळे जो तो त्यांस शोधीत आला. १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिणारे डॉ. जॉन विल्सन यांस ते कोकणातील बेने इस्राएलांत सापडले! आमच्या मते हा तर्क पुराव्यावाचून आहे. त्या लोकांची स्वतःची परंपरा इतकेच सांगते की, नवगावाजवळ तारू फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, परंतु आठव्या दिवसाची सुंता व 'शेमा' ही प्रार्थना राहिली, आणि शनिवारी घाणा बंद राहिला. म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे, भाषा आपलीच. मग हे हरवले कोठे? उलट, इस्राएल देशात गेल्यावर विवाहप्रसंगी त्यांच्याकडेच वंशशुद्धीचा पुरावा मागितला गेला. आंदोलनानंतर, १९६४ साली, तेथील सरकारने त्यांस सर्वार्थाने यहूदी म्हणून मान्य केले. भविष्यवाणीत ज्यांची वाट पाहावी, त्यांसच दारात अडवावे, हे आम्हांस फार खटकते. अलिबागेस जाणाऱ्या पालकांनी नवगावची ती जुनी दफनभूमी मुलांस अवश्य दाखवावी.